आईचं क्वैक

ओव्रेलीद, वोस
२० सप्टेंबर १९९६

सिन्नेवा,

पत्र माझं आहे, सीवर्टचं. माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच चुलीत टाकशील, म्हणून वरचा पत्ता ब्रिताकडून लिहून घेतला. ब्रिता म्हणजे खालच्या घरातली, तुझ्या वर्गातली. अजून तशीच आहे. अर्धं गाव तिला घाबरतं आणि उरलेलं तिच्याकडे जेवायला जातं.

कामाचं बोलतो. आईचं क्वैक तुझ्याकडे आहे का? तू आता आइसलंडची झालीस, तेव्हा आठवण करून देतो: बिअरचं विरजण. आजीच्याही आधीपासून या घरात चालत आलेलं, एका खेपेच्या पिंपातून काढून पुढच्या खेपेसाठी राखायचं ते. तू गेलीस तेव्हा आईनं त्याच्या वाळवलेल्या खपल्या तिच्या छोट्या दगडी बरणीत घालून तुला दिल्या होत्या. सासरी निघालेल्या मुलीला देतात तशा. तू काही सासरी निघाली नव्हतीस. बाबांच्या मयताच्या जेवणाची बिअर पिंपात फसफसत होती आणि वरच्या कुरणावरून माझ्याशी भांडून तू संध्याकाळची बस पकडलीस. त्या कुरणाबद्दल मला आजही काही वेगळं वाटत नाही. पण ते राहू दे.

आमच्याकडचं क्वैक संपलं. फ्रिज बिघडला आणि बरणीतलं नासलं. शेजाऱ्यांकडून आणावं तर शेजारी राहिलेत कुठं? वरची दोन्ही घरं बर्गनच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतली आहेत, ते येताना बिअर डब्यांतून आणतात. इसाककडे होतं, आपणच दिलेलं. तो वृद्धाश्रमात गेला तसा त्याच्या मुलीनं फ्रिज घासला आणि 'ही कसली घाण' म्हणून मोरीत ओतून दिलं. दुकानात यीस्ट मिळतं हे मला कुणी सांगायला नको. त्यानं बिअर होते, पण ती कुणाचीही असते.

नाताळसाठी हवं आहे. या घरात नाताळला घरची बिअर नाही असं आजवर झालेलं नाही, लढाईच्या वर्षांतही नाही.

माझी मार्ता एप्रिलमध्ये वारली. तुला कळवायचं राहिलं. दर नाताळला ती तुला कार्ड लिहायची आणि मी तिकीट चिकटवायचो, तेवढाच आपला संबंध. यंदा कार्ड आलं नाही तर उगाच विचार करत बसू नयेस म्हणून लिहिलं.

सीवर्ट


ओव्रेलीद
१३ ऑक्टोबर

सिन्नेवा,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला बंदर, मागे एवढंच: 'इथे क्वेइक्या म्हणजे दिवा लावणे. थोर्गिल्स गेल्यापासून संध्याकाळी तो मलाच लावावा लागतो.'

बस? ना हो, ना नाही. मी विरजण मागितलं आणि तू अर्थ पाठवलास. जन्मभर तिकडच्या शाळेत परक्या मुलांना डॅनिश शिकवलं की माणसाचं असं होत असेल.

थोर्गिल्स हे तुझ्या नवऱ्याचं नाव, इतकं मार्ताकडून कानावर आलं होतं. तो गेला हे नव्हतं आलं. की मार्तानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही, तेही आता विचारायची सोय नाही.

कार्ड ब्रिताला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं, काढला, पुन्हा लावून वाचलं.

"रडतीये रे ती, बैला."

"कुठं रडतीये? दिव्याचं लिहिलंय."

"तेच म्हणतीये मी," असं म्हणून ती माझाच पाव कापून खायला बसली.

आणि दिव्याचं एवढं नवल मला सांगू नकोस. आई सकाळी चूल पेटवायला उठायची तेव्हा कुठला शब्द वापरायची? हाच ना? चूल क्वैकायची. लाकडात जीव घालायचा, पिंपात जीव घालायचा, दोन्हीला एकच बोलायची. तुझ्या आइसलंडच्या लोकांनी तो उचलून दिव्याला लावला, इतकंच.

आता एक खरं सांगतो, कारण ब्रिता म्हणते मी नाही सांगितलं तर ती सांगेल. फ्रिज बिघडला नव्हता.

मार्ताच्या मयताच्या जेवणाला मी बिअर केली. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, माल्टचं पाणी दिवसभर तांब्याच्या हंड्यात आटवलं, सगळं बाबांसारखं. मग निवायला ठेवलं. दूध काढल्या काढल्या जेवढं कोमट असतं तेवढं झालं की क्वैक घालायचं. बोट बुडवून बघायचं. मी बुडवलं, मला कोमट लागलं, मी बरणी उपडी केली. दुसऱ्या दिवशी फेस नाही, आवाज नाही, वास नाही. पिंप नुसतं गोड पाण्यानं भरलेलं. मी ते क्वैक भाजून मारलं होतं, सिन्नेवा. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना गरम-गार नीट कळत नाही. डॉक्टर म्हणतात नसा. हे बरेच दिवस चाललं असणार, पण बिअर कधी बिघडली नव्हती, आणि का बिघडली नव्हती ते मला त्या सकाळी कळलं. मी बोट काढलं की मार्ता यायची, काहीतरी निमित्त काढून पिंपावर वाकायची आणि म्हणायची, "अजून जरा थांबू या, कॉफी पिऊन घे." मला वाटायचं तिला कॉफीची हौस.

वाळवलेल्या खपल्या डब्यात ठेवायचं कामही तिचंच. त्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळलेली, कोण वाळवणार?

लोक जेवायला आले तेव्हा त्यांच्यासमोर दुकानातल्या बाटल्या ठेवल्या. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता हो की नाही ते सांग.

सीवर्ट


ओव्रेलीद
५ नोव्हेंबर

सिन्नेवा,

हे कार्ड आधीच्यापेक्षा लांब आहे, प्रगती आहे म्हणायची. 'स्वीडनमध्ये क्विकरूट म्हणजे ते चिवट गवत. कितीही उपटा, मुळाचा तुकडा राहिला की पुन्हा वर. पहिले दोन उन्हाळे मी परक्याच्या मळ्यात गुडघ्यांवर बसून तेच उपटत होते. थर्मामीटर नावाची वस्तू निघाली आहे, विकत घे.'

थर्मामीटर घेतलं. दुकानातल्या पोरीनं विचारलं, मांसासाठी की तापासाठी. मी म्हटलं, अब्रूसाठी.

आपल्या बटाट्याच्या वाफ्यातही तेच गवत, आणि आपणही त्याला क्वेके म्हणतो. साठ वर्षं कंबर मोडेपर्यंत उपटलं, आणि ते आणि पिंपातलं क्वैक एकाच घरचे हे डोक्यात आलं नाही. आलं असतं तर शिव्या जरा जपून घातल्या असत्या. तुला हे उपटताना सुचलं की नंतर पुस्तकांतून कळलं?

तू स्वीडनला होतीस हे मला माहीत नव्हतं. आई सांगायची तू बर्गनला मावशीकडे आहेस, चांगल्या घरात काम मिळालंय, टोपी घालून चर्चला जातेस. टोपीचा रंगसुद्धा सांगायची. तिनं हे रचलं, की तू तिला तसं लिहायचीस? मी विचारलं नाही. मी रागात होतो, आणि मला वाटायचं तूही कुठंतरी मऊ खुर्चीत बसून रागात आहेस. गुडघ्यांवर बसली असशील असं नाही वाटलं.

इकडचं विशेष काही नाही. मेंढ्या खाली आणल्या, विकायच्या त्या विकल्या. गायी मार्ताच्या आजारपणातच गेल्या. परवा खारवलेलं, धुरावलेलं मेंढीचं डोकं शिजवलं, बटाटे आणि सलगमाचा लगदा, सगळं रीतसर. एका डोक्यात दोघं जेवतात हे तुला माहीत आहे. मी माझा अर्धा भाग खाल्ला आणि दुसरा अर्धा ताटात पडून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिला. शेवटी त्याच्यावर फडकं टाकलं. हसायचं तर हस. मी एकटा पडलोय हे सांगायला मला दुसरी रीत सुचत नाही. सकाळी कपाटातून कप काढताना दोन निघतात.

ब्रिता म्हणते, तिला क्वैक मागू नकोस, ती कशी आहे ते विचार. तर विचारतो. कशी आहेस?

सीवर्ट


ओव्रेलीद
२४ नोव्हेंबर

सिन्नेवा,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. आज रविवार. मधल्या दिवसांत लिहिलेलं सगळं फाडून टाकलं.

'डेन्मार्कमध्ये क्विक म्हणजे चुणचुणीत, टवटवीत. सुईण शेजारच्या खाटेवरच्या बाळाला म्हणाली, काय क्विक आहे गं. माझ्या बाळाला ती काही म्हणाली नाही.'

हे मी अंगणात पत्रपेटीजवळ उभ्यानं वाचलं आणि तिथंच राहिलो. ब्रिता रस्त्यानं चालली होती. तिनं हाक मारली, मी ओ दिली नाही, तेव्हा ती वर आली, माझ्या हातातलं कार्ड घेतलं, वाचलं आणि माझा दंड धरला. नंतर म्हणाली, "आत चल, गारठशील." कॉफी तिनंच केली.

मुलगा होता की मुलगी? कुठल्या साली? तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं? नको असेल तर सांगू नकोस. आईला माहीत होतं का? मला वाटतं होतं. एका वर्षी भर उन्हाळ्यात ती वरच्या कुरणावर एकटी जाऊन राहिली, कुणाला येऊ देईना. आम्हाला म्हणाली चीज करते. खाली आली तेव्हा चीज नव्हतं.

मार्ताला आणि मला मूलच झालं नाही. ते दुःख वेगळं, तुझ्या दुःखाशी त्याची तुलना करत नाही. पण बाळाचे म्हणून ठेवलेले कपडे घरात असणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तुझा राग मनात धरून बसलो होतो, एखाद्या जनावराला रोज चारा घालावा तसा त्याला सांभाळला. तू तिकडे गवत उपटत होतीस, बाळ पुरत होतीस. आणि इथं मी कुरण कुणाचं ते मनात घोकत होतो. ते माझंच होतं, कायद्यानं आणि बाबांच्या शब्दानं, हे मी अजूनही म्हणेन. पण ते माझं असण्याचा मला काय उपयोग झाला ते विचारशील तर सांगता येणार नाही. बर्गनचे लोक तिथं तंबू लावतात.

क्वैक पाठवलं नाहीस तरी चालेल. बहुधा तुझ्याकडेही उरलं नसेल, इतक्या वर्षांत कोण ठेवतं? पण कार्ड पाठवत राहा. शब्दाचे अजून काही अर्थ असतील ना? नसतील तर दुसरा शब्द घे.

तुझा भाऊ,
सीवर्ट


ओव्रेलीद
११ डिसेंबर

सिन्नेवा!

आलं! लोकरीच्या हातमोज्यात गुंडाळलेली आईची बरणी, टवका उडालेली तीच, आणि आत करड्या खपल्या. मी टेबलावर ठेवून नुसती बघत बसलो. मग झाकण काढून नाक आत घातलं, आणि तो वास! संत्र्याच्या सालीचा, जरासा धुराचा. थेट आईच्या एप्रनचा. इतकी वर्षं मला वाटत होतं तो वास आपल्या भट्टीघराचा आहे. घराचा नव्हता, याचाच होता.

आणि तुझं कार्ड. 'जुन्या भाषेत क्विक म्हणजे जिवंत. बाकी सगळे अर्थ त्यातून फुटले. हे मेलं नाही कारण मी यानं पाव करत आले, स्वीडनमध्ये, डेन्मार्कमध्ये, इथे. आता इथे खाणारं कोणी नाही. मुलगी होती. नाव आईचं ठेवलं.'

म्हणजे ती सिग्री. आपल्या घरात आणखी एक सिग्री होऊन गेली आणि मला आत्ता या वयात कळलं. रविवारी चर्चच्या आवारात गेलो होतो. आईच्या कबरीपाशी दोन मेणबत्त्या लावल्या. पाद्री विचारत होता दुसरी कुणासाठी. मी म्हटलं, भाचीसाठी.

आणि पाव! आईनं ऐकलं असतं तर आधी कपाळाला हात लावला असता, मग एक तुकडा मागितला असता.

आता बिअरचं ऐक. चिमूटभर खपल्या कोमट माल्टच्या पाण्यात भिजवल्या, दुपारपर्यंत वाटीभर फेस. मग हंडा चढवला. निवायला ठेवलं तेव्हा थर्मामीटर बुडवलं, कॉफी प्यायलो, पुन्हा बुडवलं, पुन्हा कॉफी प्यायलो. नेमकं दुधाइतकं कोमट झालं तेव्हा ओतायला घेतलं, आणि तिथं अडलो. ओतताना ओरडायचं असतं. माणूस जितका जोरात ओरडेल तितकं क्वैक जोरात उठतं, बाबांची आरोळी समोरच्या डोंगरावरून परत यायची. मार्ता आणि मी मिळून ओरडायचो आणि मग हसत सुटायचो. आता रिकाम्या भट्टीघरात एकट्या म्हाताऱ्यानं ओरडायचं म्हणजे कसंतरीच. घशातून आधी घोगरं काहीतरी निघालं. मग म्हटलं, इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याचं स्वागत असं करायचं? आणि ओरडलो, सिन्नेवा. एप्रिलपासूनचं सगळं त्यात निघालं. थांबताच येईना.

धाडकन दार उघडलं. ब्रिता, एका पायात बूट, दुसऱ्या पायात सपात.

"भाजलास? कुठं भाजलास? दाखव!"

"क्वैक घालतोय."

"मेल्या! माझा जीव गेला असता की रस्त्यात!" असं म्हणत तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला, पिंपात डोकावली, आणि बाहीनं डोळे पुसून तिनंही एक आरोळी ठोकली. ती ऐकून बर्गनवाल्यांचा कुत्रा अजून भुंकतोय.

संध्याकाळच्या आत पिंप बोलायला लागलं. फेस काठावर आला. मी कान लावून बसलो होतो.

उठलंय. जिवंत आहे. तू राखलंस.

सीवर्ट


ओव्रेलीद
१५ डिसेंबर

सिन्नेवा,

काल फोन मी केला होता. तू आपटलास. हे पत्र तुला मी तिथं पोचायच्या आधी मिळेल की नाही ठाऊक नाही, पण फोनवर मला बोलता येत नाही हे तू बघितलंच आहेस, म्हणून लिहितो.

झालं असं. काल बिअर पिंपातून छोट्या पिपांत भरली. त्या दिवशी शेजाऱ्यांनी चाखायला यायचं असतं. आले कोण? ब्रिता आणि इसाक. इसाकला तिनं वृद्धाश्रमातून जवळजवळ पळवूनच आणलं, मांडीवर घोंगडी, डोक्यावर तिची टोपी. त्यानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "हीच. हीच रे." मी फुशारून गेलो. बरणी आणून दाखवली, तुझ्या हातमोज्यासकट. तुझी गोष्ट सांगितली, पाव आणि सगळं.

इसाकनं बरणी हातात फिरवली. "आणि तिनं स्वतःला काय ठेवलं?"

"म्हणजे?"

"बरणी तिची ना? मग ठेवलं कशात?"

मी हसलो. म्हटलं, दुसरी बरणी असेल. पण ब्रिता हसली नाही. तिनं हातातला ग्लास खाली ठेवला.

इसाक म्हणाला, "मागणाऱ्याला अर्धं द्यायचं, अर्धं घरात राहिलं पाहिजे. तुझ्या आईनंच आम्हाला दिलं तेव्हा दहादा बजावलं होतं. भांड्यासकट सगळं कधी देतो माणूस? चूल कायमची मोडायची असेल तेव्हा. माझ्या पोरीनं ओतून नसतं दिलं तर मीही दिलं असतं, असंच, बरणीसकट."

सिन्नेवा, हे आई मलाही सांगायची. मी ती बरणी टेबलावर ठेवून वास घेत बसलो, नाचलो, आरोळ्या ठोकल्या, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. तू लिहिलंस की खाणारं कोणी नाही. मी ते वाचलं आणि पुढे गेलो.

नंबर ब्रितानं चौकशीला फोन करून काढला, फिरवलाही तिनंच आणि फोन माझ्या हातात कोंबला. तू 'हॅलो' म्हणालीस. आवाज आईचा आला. मी काय बोलायचं ते विसरलो आणि एकदम म्हणालो, "तू सगळं पाठवलंस."

तू म्हणालीस, "पोचलं ना नीट? मग झालं तर."

"आजारी आहेस का?"

"तुला काय करायचंय?"

"सिन्नेवा."

"डॉक्टर वसंताचं नाव काढत नाहीत," तू म्हणालीस, बाजारभाव सांगावा तशी. "आता फोन ठेव, महाग पडेल." मी म्हणालो, "मी येतो." तू म्हणालीस, "येऊन काय करणार? तुला तर साधी चूल पेटवता येत नाही." आणि आपटलास.

येऊन काय करणार ते मलाही ठाऊक नाही. मी रुग्णाची सेवा केली ती एकाच बाईची, आणि तिथंही तीच मला सांभाळत होती. पण येतोय. मेंढ्या ब्रिताच्या ताब्यात दिल्या. तिनंच बर्गनला फोन करून तिकिटं काढली: आधी ऑस्लो, तिथून रेक्याविक, पुढे तुमच्याकडचं ते छोटं विमान, जे ब्रिता म्हणते वारा असेल तर उतरतच नाही. मी कधी विमानात बसलेलो नाही. बसलेल्या माणसाला काय करावं लागतं ते इसाकनं मला समजावून सांगितलं, तोही कधी बसलेला नाही. नाताळच्या आत पोचतो.

बरणीत तुझा अर्धा वाटा भरला आहे. वाळवून नाही, ओला, पिंपाच्या तळातून काल काढलेला. सामानात देणार नाही, सदऱ्याच्या आत छातीशी धरून आणणार आहे, गारठायला नको म्हणून. विमानातल्या बाईनं विचारलं तर सांगेन, बहिणीचं आहे, परत द्यायला चाललोय.

तुझी चूल मोडायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू दे, मला त्यातलं कळत नाही. पण घरात क्वैक नसताना मोडायची नाही. मी पीठ मळेन, तू खुर्चीत बसून शिव्या घाल. पाव बिघडला तरी मी खाईन, मला रोज खायचा आहे.

मी निघालोय. मी येईपर्यंत थांब, सिन्नेवा. तेवढं थांब.

तुझा धाकटा,
सीवर्ट